गल्लीनं जाणारी नाव

"चपला हातात घ्या, देऊळ आलं."

नाव तलावाच्या मधोमध. चारी बाजूंनी पाणी, लांब काठावर दोन-चार बाभळी, वर एखादी घार. आणि वल्ही थांबवून चाचा असं सांगायचे. जालन्याहून टांगे करून हवा खायला आलेली मंडळी आधी एकमेकांकडं बघायची, मग पाण्याकडं. देऊळ कुठं दिसेना. चाचा हनुवटीनं खाली दाखवायचे. "मारुतीचं आहे. मूर्ती वर बांधावर नेऊन बसवली, पण जागा तं खालीच आहे ना." मग शेटजी असोत नाहीतर वकील, निमूट वाकून पायातलं काढायचे आणि पुढचं वळण येईपर्यंत जोडे मांडीवर घेऊन बसायचे.

माझी त्या तलावावर नेमणूक झाली तेव्हा मी नुकता कुठं उर्दूतनं अर्ज खरडायला शिकलो होतो. पाणी किती आहे ते बघायचं, पाणी सोडायची मोरी उघडली की मिटली ते वर कळवायचं, एवढंच काम. गंमत अशी की मला पाण्याची भारी भीती. पोहणं सोडाच, विहिरीत डोकावताना आधी कठडा हलवून बघणारा माणूस मी. अशाला सरकारनं तलावाच्या बांधावर खोली दिली. निजामाच्या राज्यात अशा गमती चालायच्या, आणि पुढच्या राज्यात त्या बंद पडल्या असं काही माझ्या ऐकिवात नाही.

चाचा माझ्या आधीपासून तिथं. त्यांचं नाव सांगत नाही. शहरची माणसं त्यांना चाचा म्हणायची आणि गावची माणसं मुलाणी, तेवढं पुरे. तलाव झाला तेव्हा त्याच्या पोटात एक लहानसं गाव गेलं होतं. चाचा त्या गावचे मुलाणी. सुगीला दारोदार उभं राहून बलुतं मागायचा त्यांचा हक्क, त्यामुळं कोणाचं दार कोणीकडं, कोणाच्या ओसरीची पायरी मोडकी, कोणाचं कुत्रं अंगावर येतं, सगळं तोंडपाठ. गाव उठलं आणि माणसं जिकडं सोयरे होते तिकडं पांगली. चाचा कुठंच गेले नाहीत. त्यांनी बांधावरची राखणदारी मागून घेतली, एका भोयाकडून वल्हं मारायला शिकले आणि खात्याची नाव सांभाळू लागले. सुट्टीच्या दिवशी शहरची मंडळी तलाव बघायला यायची. त्यांना फिरवायचं कामही मग ओघानं चाचांकडंच आलं.

आता नावेतनं फिरायचं म्हणजे तुम्ही-आम्ही काय करू? या काठावरनं निघू, त्या काठाला लागू, परत येऊ. चाचांची नाव तशी जायची नाही. ती गल्लीनं जायची. मध्येच डावीकडं वळायची, थोडं पुढं जाऊन उजवीकडं, मग कोणाच्या तरी परसाला वळसा घालून पुन्हा मागं. सरळ का नेत नाही असं कोणी विचारलं की चाचांना मनापासून नवल वाटायचं.

"असं कोणाच्या घरातून आरपार जाता का तुम्ही?" ते विचारायचे.

चावडी आली की बायकांना डोईवर पदर घ्यायला सांगायचे. पाटलाच्या वाड्यापुढं विडी विझवायला लावायचे. नव्या नवऱ्या यायच्या त्यांना फार मजा वाटायची. एक मारवाड्याची सून तर पाटलाच्या दारापुढं खरोखरीच घुंगट ओढून बसली होती आणि नाव पुढं गेल्यावरच हसली. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मला हसू आलं नाही, कारण दोन्ही हातांनी नावेची कड धरून मी डोळे मिटले होते. चाचा म्हणाले, "मुन्शीजी, भिऊ नका. ही गल्ली रुंद आहे. इथून गाडी-बैल जात होते." मला त्यानं खरंच धीर आला. पाण्याची भीती वाटणाऱ्या माणसाला रस्त्याची कशाला वाटेल?

एकदा सुभ्याहून एक बडे साहेब आले. नावेत बसल्या बसल्या त्यांनी हुकूम सोडला, "सीधे ले चलो."

"हुजूर, बीच में पाटील का गोठा है," चाचा म्हणाले.

"पानी के नीचे है ना?"

"जी. लेकिन भैंस बंधी है हुजूर. बिदकेगी."

मी काठावर उभा होतो, मनात म्हटलं, आता चाचांची नोकरी गेली आणि जाता जाता माझीही घेऊन गेली. साहेबांनी क्षणभर चाचांच्या तोंडाकडं बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसून पान पुढं केलं. परत येताना साहेबच विचारून राह्यले होते, "अब किसका घर?"

असं हे सगळं हसतखेळत चालायचं. पण वर्षात एक दिवस नावेत कोणी हसायचं नाही. चैत्री पुनवेला, हनुमान जयंतीला, त्या बुडालेल्या गावची माणसं तलावावर यायची. बांधावरच्या मारुतीला नारळ फोडायची आणि मग घराघरानं नावेत बसायची. आपल्या घरावर नाव आली की हात जोडायची. कोणी पाण्यात हळदकुंकू सोडायचं. एखादी म्हातारी कडेवरनं वाकून "बरं आहे ना गं" असं घरालाच विचारायची. त्या दिवशी चाचा कोणाला काही सांगायचे नाहीत, फक्त थांबायचे.

त्यातच दोन भाऊ यायचे. थोरले टेंभुर्णीला राहायचे, धाकटे वडीगोद्रीला. मध्ये अख्खा मुलूख. गाव उठायच्या आधी त्यांच्या वाटण्या झाल्या होत्या आणि अंगणात भिंत घातली होती. थोरल्यांचं म्हणणं, मी बाजाराला गेल्तो तेव्हा धाकट्यानं भिंत हातभर माझ्या अंगाला सरकवली. धाकट्यांचं म्हणणं, सरकवली ती दादानं, आणि वर आळही माझ्यावरच. पुढं अंगण गेलं, घर गेलं, सगळ्या शहराला पुरेल इतकं पाणी त्यावर आलं. भांडण तेवढं कोरडं राहिलं. भाऊबंदकी म्हणजे काय ते मराठी माणसाला मी काय सांगावं.

थोरल्यांनी शपथ घेतली होती. भिंतीचा निकाल लागल्याशिवाय धाकट्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आणि आई होती धाकट्यांकडं. म्हणजे त्या माउलीला थोरला लेक दिसायचा तो वर्षातनं एकदा, तलावाच्या काठावर. तिथंही दोघं एका नावेत बसायचे नाहीत. आधी धाकटे आईला घेऊन जाऊन यायचे. मग थोरले बाभळीखालनं उठून यायचे, आईच्या पाया पडायचे, "बरी आहेस का" म्हणायचे आणि एकटेच नावेत बसायचे. ते परत येईपर्यंत म्हातारी काठावर उभी.

दोघंही चाचांना तेच विचारायचे. तू त्या वक्ती गावातच होता, मुलाणी, सांग, भिंत कोणी सरकवली?

चाचांचं उत्तर ठरलेलं. "दादा, पाण्याखाली आहे. पाण्याला विचारा." धाकट्यांनाही हेच, फक्त दादाच्या जागी बापू.

म्हातारी भिंतीचं विचारायची नाही. ती एकच गोष्ट मागायची. "लेका, मरायच्या आधी माझी दोन्ही लेकरं एका जागी जेवताना बघू दे. तेवढं झालं की मी सुटले."

"होईल, माय. बिलकुल होईल," चाचा म्हणायचे. कशाच्या जोरावर म्हणायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मग एका वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. दिवाळीपासून पाणी मागं हटायला लागलं. संक्रांतीला काठावरची चिखलाची पट्टी एवढी रुंद झाली की नाव ओढत न्यावी लागे. शिमग्याला नाव उलटी करून बांधावर ठेवली. आणि चैत्र लागता लागता मोरीजवळचं डबकं सोडलं तर तलावात पाणीच उरलं नाही. गाव वर आलं. गाव कसलं, मातीच्या भिंती कधीच विरघळल्या होत्या. गाळातनं डोकं काढलेली जोती, पायऱ्या, देवळाचा चौथरा, एक उभा वाळलेला पिंपळ.

टेंभुर्णीहून निरोप आला, वडीगोद्रीहून निरोप आला. दोन्हीचा मजकूर एकच. पाणी हटलंय, आता पुनवेला समद्या गावासमोर भिंतीचा निकाल होऊन जाऊ द्या.

पुनवेच्या आधी म्हातारी कोणाची तरी गाडी जोडून एकटीच आली. माझ्या खोलीच्या सावलीला बसली. मी पाणी दिलं ते तिनं तसंच खाली ठेवलं आणि चाचांना म्हणाली, "भिंत निघाली तं एक लेक खोटा ठरंल. समद्या गावादेखत. खोटा ठरलेला माणूस मंग तोंड दाखवत न्हाई, बाबा. थोरला ठरला तं त्यो परत यायचा न्हाई. धाकटा ठरला तं त्यो मला इथं आणायचा न्हाई. दोन्हीकडून माझंच लेकरू जातंय." चाचांच्या तोंडून त्या दिवशी "होईल, माय" निघालं नाही. मला त्यांचा राग आला. बोलायचं तिथं माणसानं बोलावं की नाही?

पुनवेच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर चाचा मला म्हणाले, "चला मुन्शीजी, आज पायी दाखवतो." आम्ही तलावाच्या तळातनं हिंडलो. नावेतनं ज्या वळणांनी जायचो त्याच वळणांनी. एका जोत्यालाही चाचांचा पाय लागला नाही. हे सोनाराचं, हा पाटलाचा गोठा, ही चावडी. आणि प्रत्येक ठिकाणी दगड साक्षीला हजर. इतकी वर्षं पाण्यावरनं दाखवलेलं गाव, त्यात वीतभराचीही चूक नव्हती. पिंपळाच्या अंगाला असलेल्या एका पायरीपाशी ते थांबले. खांद्यावरच्या पंच्यानं पायरी पुसली. "हे त्या दोघांचं घर," ते म्हणाले.

पायरीच्या पुढं, गाळातनं थोडीशीच वर आलेली, दगडांची एक ओळ होती. आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, दुसरी. भिंतीचा जुना पाया आणि नवा. कोणाच्या बाजूला सरकली ते लहान पोरानंही सांगितलं असतं.

मी चाचांकडं बघितलं. ते म्हणाले, "दिसलं ना? आता विसरून जा."

कोण खरा होता ते मी आजही सांगणार नाही. विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. शहरातली रिकामटेकडी मंडळीही तमाशा बघायला आली. थोरले एका बाजूला, धाकटे दुसऱ्या, मधी म्हातारी, कापडात बांधलेल्या भाकरी उराशी धरून. सगळे चाचांच्या तोंडाकडं बघत होते. "चला, दाखवतो," म्हणून चाचा पुढं निघाले. चावडीपाशी वळायचं होतं. चाचा वळले नाहीत. सरळ पुढं गेले आणि भलत्याच एका जोत्यावर उभे राहिले.

"हे तुमचं घर," त्यांनी सांगितलं. "बघा, भिंत कुठं आहे? भिंतीचं नावनिशाण न्हाई."

थोरल्यांनी खाली बघितलं, वर बघितलं. "मुलाणी, डोकं ठिकाणावर आहे का? हे तं तेल्याचं घर. हा काय घाण्याचा दगड."

"दगड वाहून आला असंल. घर हेच."

"एवढा दगड वाहतो का?" धाकटे म्हणाले. "आमचं घर पिंपळाच्या अंगाला."

"न्हाई बापू, हेच. मी रोज नाव नेत होतो इकडून."

"रोज चुकत होता मंग," थोरले तडकले. "पिंपळापासून तिसरं घर आपलं."

"तिसरं न्हाई दादा, चौथं," धाकटे बोलून गेले. "मधी सोनाराचं."

"बराबर. सोनाराचं इसरलोच मी."

मी तिथंच उभा होतो. कालच तर हा माणूस वीतभरही चुकला नव्हता. चाचा मात्र हट्टाला पेटलेल्या म्हाताऱ्यासारखे त्या तेल्याच्या जोत्यावर पाय रोवून उभे. चावडी कोणीकडं विचारलं तर चुकीची दाखवत होते, देवळाचं तोंडसुद्धा उलटं सांगत होते. लोक हसायला लागले. कोणी म्हणालं, मुलाण्याला चळ लागला. शहरातल्या एका टवाळानं विचारलं, "चाचा, आम्हाला कोणाच्या घरावर जोडे काढायला लावत होता?" चाचा चिडल्यासारखं करून म्हणाले, "तुम्ही सगळे इसरले. मलाच बराबर माहीत आहे."

झालं. दोन्ही भावांनी त्यांचा नाद सोडला आणि आपलं घर आपणच शोधायला निघाले. चावडीपासून पावलं टाकत, हे कोणाचं, ते कोणाचं करत, एकमेकांना दुरुस्त करत. पुढं चिखल निसरडा होता. थोरल्यांचा पाय घसरला तसा त्यांनी धाकट्यांचा खांदा धरला, आणि धरला तो धरलाच. पायरी सापडली तेव्हा दोघंही एकदमच बोलले.

"इथं माझं कपाळ फुटलं होतं. तू ढकललं होतंस."

"तू आधी माझी भिंगरी घेतल्ती."

थोरल्यांनी कपाळावरची खूण चाचपली आणि दोघं हसले. तेवढ्यात म्हातारी पुढं झाली. तिनं ते दगड बघितले असणार. तिची नजर चांगली होती. ती सरळ जाऊन दगडांच्या त्या दोन ओळींवर फतकल मारून बसली, लुगडं दोन्हीकडं पसरलं आणि कापड सोडलं. धाकटे इकडंतिकडं बघत "भिंत मातर..." असं काहीतरी म्हणायला लागले.

"मला भूक लागली," म्हातारी म्हणाली. "बसा दोघंबी."

आणि ते बसले, हो. आईनं एक भाकरी मोडून अर्धी याला दिली, अर्धी त्याला. वर ठेचा. मला रडू आवरेना, म्हणून मी मोरी तपासायला जायचं निमित्त काढलं. जाताना बघितलं तर चाचा अजून तेल्याच्या जोत्यावर एकटेच उभे होते आणि पोरं त्यांच्याभोवती नाचत होती.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. पुढच्या पुनवेला दोघं भाऊ आणि आई एकाच नावेत बसले. थोरले हात करून सांगत होते, "डावीकडं घे. आता उजवीकडं. तुला न्हाई समजायचं, मी सांगतो तसं कर." आणि चाचा मान खाली घालून ते सांगतील तसं वल्हं मारत होते. म्हातारी चाचांकडं बघत होती. उतरताना तिनं त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

पण शहरच्या माणसांत चाचांची रया गेली ती गेलीच. नावेत बसल्या बसल्या लोक विचारायचे, "चाचा, आज कोणतं गाव?" कोणी जोडे काढेना. कोणी म्हणायचं, उगाच वेळ घालवू नका, सरळ न्या. आणि चाचा सरळ न्यायचे. लोकांच्या घरांतून, पाटलाच्या गोठ्यातून, देवळावरून. मी बांधावरनं ते बघायचो आणि माझा जीव तुटायचा. पाटलाच्या गोठ्यापाशी त्यांचं वल्हं जरासं अडखळायचं, तेवढंच.

शेवटी एकदा मी भांडलोच. म्हणालो, "चाचा, आता झालं ना सगळं गोड? सांगून टाका की तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून. निदान हे चेष्टा करणं तरी थांबेल."

ते नावेतलं पाणी उपसत होते. उपसता उपसता म्हणाले, "आणि मुलाण्याला माहीत आहे असं कळालं की ते दोघं पहिलं काय विचारतील, मुन्शीजी?"

चाचा म्हणाले, "म्हणून म्हणतो, मला काही ठाऊक न्हाई. बिलकुल न्हाई." आणि पुन्हा पाणी उपसायला लागले.

म्हातारी त्यानंतर फार दिवस काढू शकली नाही. गेली तेव्हा दोन्ही लेक उशाशी होते, धाकट्याच्या घरी. चाचा तिच्या मागोमाग, एका हिवाळ्यात गेले. थोड्याशा तापाचं निमित्त. त्यांच्या बापाची कबर तलावाखाली. त्यांना मात्र बांधापलीकडच्या कोरड्या माळावर ठेवलं. मूठमूठ माती टाकायला आम्ही चारदोन माणसं होतो. त्यानंतर खात्यानं नावेवर दुसरा माणूस नेमला. चांगला होता, जल्दी न्यायचा, जल्दी आणायचा.

पुढं माझी बदली अंबडला झाली. तिथल्या बाजारात एकदा ते दोघं भाऊ भेटले. एकाच गाडीत होते. बी-बियाणं घ्यायला आले होते. थोरल्यांचा मुक्काम हल्ली महिना-महिना धाकट्यांकडंच असायचा. त्यांनी मला ओळखलं, चहा पाजला, तलावाच्या गोष्टी निघाल्या. चाचा गेल्याचं त्यांना कळलं होतं. थोरले हळहळले.

"माणूस सोन्यासारखा होता," ते म्हणाले. "पण खरं सांगू का मुन्शीजी, गावाचं त्याला काहीच समजत नव्हतं."

"दादा, तेल्याचं घर आपलं म्हणून दाखवलं त्यानं," धाकटे म्हणाले, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी चहाचा घोट घेतला.

"हो," मी म्हणालो. "त्याला काहीच ठाऊक नव्हतं."